नाटकही करायचंय, बीएही करायचंय: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी कॉलेज निवडीचा रस्ता

बारावीचा निकाल लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मुलगी म्हणते नाटक शिकायचंय. नाटकाचं चांगलं कॉलेज कुठलं गं?" याला एका नावाचं उत्तर नसतं, कारण मुंबई विद्यापीठाच्या बहुतेक कॉलेजांत पदवीला नाटक हा मुख्य विषय म्हणून मिळतच नाही. रुईया, रुपारेल, झेवियर्स, साठ्ये, कीर्ती ही नावं नाटकाशी जोडली गेली आहेत हे खरं. पण तिथून रंगभूमीवर आलेल्या मुलांच्या मार्कशीटवर मराठी, इंग्रजी, मानसशास्त्र, अर्थशास्त्र, क्वचित केमिस्ट्रीही असते. नाटक ती शिकली लेक्चरं संपल्यावर, कॉलेजच्या ग्रुपात, सीनियर्सच्या शिव्या खात.

त्यामुळे कॉलेज निवडताना दोन चौकश्या वेगवेगळ्या कराव्या लागतात. वर्गात काय शिकायला मिळणार ही एक, आणि वर्ग सुटल्यावर काय करायला मिळणार ही दुसरी. दोन्ही उत्तरं एकाच इमारतीत मिळतील असं नाही. आणि ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाला तिसरी चौकशी चुकत नाही, ती म्हणजे लोकलची. मी खाली ज्या क्रमाने लिहिते आहे त्याच क्रमाने कामाला लागा. बरेच जण कट-ऑफपासून सुरुवात करतात आणि बाकीच्या गोष्टी ऑगस्टमध्ये कळल्यावर हळहळतात.

आधी रस्ता, मग कॉलेज

मोटामोटी तीन रस्ते आहेत.

पहिला, साधं अनुदानित बीए आणि सोबत कॉलेजचा किंवा गावातला नाटकाचा ग्रुप. खर्च कमी, घरी राहून जमतं, आणि पदवी हातात राहते.

दुसरा, बारावीनंतर थेट नाट्यशिक्षण. मराठी मुलांसाठी यातलं सगळ्यात परिचयाचं ठिकाण म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. १९८७ साली सुरू झालेलं, नाटककार सतीश आळेकर यांनी बरीच वर्षं सांभाळलेलं. तिथे पदवीलाच नाटक, संगीत, नृत्य शिकवतात. प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर मिळत नाही, तुमची परीक्षा घेतात, करून दाखवायला लावतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही परफॉर्मिंग आर्ट्सची स्वतंत्र फॅकल्टी आहे. दोन्हीकडे घर सोडून राहावं लागतं, तो खर्च आधीच मांडा.

तिसरा रस्ता खासगी लिबरल आर्ट्सचा. पुण्याचं फ्लेम, सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स स्कूल, सोनिपतचं अशोका. इथे अर्थशास्त्र, साहित्य, मानसशास्त्र आणि परफॉर्मिंग आर्ट्सची सरमिसळ करता येते, वर्ग लहान असतात, शिक्षक लिहिलेलं वाचून परत देतात. फी मात्र लाखांत. अशोकासारख्या ठिकाणी घरच्या उत्पन्नावर आधारित मदत मिळते, म्हणून आकडा बघून लगेच पान उलटू नका, मदतीचा अर्ज वाचा. पण कर्ज काढून जायचं असेल तर माझं मत विरोधात आहे. नाटकवाल्याची पहिली पाच-सात वर्षं कमाईच्या दृष्टीने कशी जातात हे ज्यांनी पाहिलंय ते त्याच्या डोक्यावर हप्ता ठेवणार नाहीत.

पहिला रस्ता घेतला म्हणजे नाट्यशिक्षणाचं दार बंद झालं असंही नाही. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. २००३ साली ती सुरू झाली, वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. तिथला दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पदवीनंतरच करता येतो. त्याच कलिन्यात लोककला अकादमीही आहे. तमाशा, दशावतार, कीर्तन यांत रस असणाऱ्यांनी ती विसरू नये. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही पदवीधरांसाठीच आहे. त्यांना पदवी कुठल्या शाखेची याच्याशी देणंघेणं नाही. तुम्ही आधी काय नाटकं केलीत हे ते विचारतात. म्हणजे बीएची तीन वर्षं ही एका अर्थी पुढच्या दाराची तयारी असते, आणि ती तयारी कशी झाली हे कॉलेजच्या नावापेक्षा तिथे हातून किती काम झालं यावर ठरतं.

अठराव्या वर्षी बहुतेकांनी पहिला रस्ता घ्यावा असं मला वाटतं. अपवाद त्यांचा, जे शाळेपासून बालनाट्यात, राज्य नाट्य स्पर्धेत किंवा गल्लीतल्या गणपतीत का होईना पण सातत्याने काम करत आलेत आणि ज्यांना अभिनयाइतकंच प्रकाशयोजना, नेपथ्य, लेखन यांचंही खूळ आहे. त्यांनी पुण्याची परीक्षा द्यावीच.

विषय निवडताना नाटक बाजूला ठेवा

नाटकाला उपयोगी पडेल म्हणून मानसशास्त्र घ्यायचं, हे इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय की आता उत्तर तयार आहे: नाटक उद्या सुटलं तरी जो विषय वाचावासा वाटेल तो घ्या. अभिनयाला सगळंच उपयोगी पडतं, त्यामुळे ती कसोटी काही कामाची नाही.

तरी काही व्यावहारिक गोष्टी. बीएत मानसशास्त्राला मागणी फार, त्यामुळे चांगल्या कॉलेजांत त्याची यादी बरीच वर थांबते. शिवाय प्रॅक्टिकल्स आणि जर्नल असतात, आणि ती नेमकी दुपारी येतात. मराठी साहित्य घेणाऱ्याला नाटकाच्या संहिता अभ्यासाला मिळतात, पण भाषाविज्ञान आणि साहित्यशास्त्रही तितकंच असतं, त्याची तयारी ठेवा. इंग्रजी साहित्यात ग्रीक शोकांतिकांपासून विसाव्या शतकापर्यंतचं नाटक वाचून होतं आणि हे वाचन पुढे कुठल्याही नाट्यशाळेत कामी येतं. इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांना मुलं उगीच दुय्यम समजतात. ज्याला लिहायचंय त्याने हे विषय जरूर बघावेत. तत्त्वज्ञान फार थोड्या कॉलेजांत उरलंय. मिळालं आणि आवडत असलं तर सोडू नका.

मास मीडिया हा वेगळाच मामला. अनेकांना वाटतं, नाटक-सिनेमाची आवड म्हणजे मास मीडिया. तो स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम असतो, फी साध्या बीएच्या कितीतरी पट, आणि प्रोजेक्टांचा मारा. कॅमेरा, जाहिरात, पत्रकारिता यांत जायचं असेल तर उत्तम. रंगमंचासाठी म्हणून घेऊ नका.

आता नव्या शैक्षणिक धोरणाची भानगड. पूर्वीचं 'टीवायला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, सहा पेपरचा विषय' हे गणित गेलं. आता मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या विषयाबाहेरचा ऐच्छिक पेपर), कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानपरंपरा, सहशैक्षणिक उपक्रम असे खण आहेत. दर सत्राला साधारण २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं तर १७६. नाटकवाल्याने यातले दोन खण नीट बघायचे. एक ओपन इलेक्टिव्ह: स्वायत्त कॉलेजं आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात, त्यामुळे काही ठिकाणी नाट्यआस्वाद, चित्रपटआस्वाद, सर्जनशील लेखन असं काही तिथे सापडतं. दुसरा सहशैक्षणिक उपक्रमांचा: एनएसएस, खेळ यांच्याबरोबर सांस्कृतिक कामालाही त्यात जागा आहे. म्हणजे तालमीत घालवलेल्या वेळाचे थोडेफार क्रेडिट पदरात पडू शकतात.

प्रॉस्पेक्टस वाचून हुरळून जाऊ नका. ऑफिसच्या खिडकीवर किंवा विभागप्रमुखांना एवढंच विचारा: "हा विषय गेल्या वर्षी प्रत्यक्ष चालला का? किती मुलं होती?" छापील यादीतले बरेच विषय पुरेशी मुलं न मिळाल्याने सुरूच होत नाहीत. मेजरबद्दलही हेच विचारा. पहिल्या वर्षी दिलेला विषय तिसऱ्या वर्षी मेजर म्हणून मिळत नाही असं कळलं तर उमेदीच्या वर्षी कॉलेज बदलायची वेळ येते.

लोकलचा कागद

कॉलेजांची कच्ची यादी झाली की तिच्यापुढे प्रवास लिहा. ठाण्याहून दादर फास्टने साधारण अर्धा तास, पण माटुंग्याला फास्ट थांबत नाही. रुईयाला जायचं तर ठाण्याहून सुटणारी स्लो धरून बसून जा, नाहीतर फास्टने कुर्ल्यापर्यंत येऊन तिथे स्लो पकडा. वाशी-नेरूळची मुलंही हार्बरने कुर्ल्याला उतरून मेन लाइनची स्लो घेतात, आणि कुर्ल्याचा तो पूल सकाळी साडेसातला कसा असतो हे एकदा चालून बघायला हवं. पार्ल्याच्या साठ्येला ठाणेकरांनी दादरमार्गे जाण्यापेक्षा घाटकोपरला मेट्रो पकडून अंधेरी गाठावं आणि तिथून एक स्टेशन मागे यावं. झेवियर्सला सीएसएमटीपर्यंत गाडी थेट, पण शेवटपर्यंत.

नुसता जाण्याचा वेळ लिहून भागत नाही. आर्ट्सची लेक्चरं बऱ्याच कॉलेजांत सकाळी लवकर सुरू होतात. समजा सव्वासातचं लेक्चर आहे. घोडबंदर रोडवर राहणारा मुलगा साडेपाचच्या आत घराबाहेर, कारण कासारवडवली ते ठाणे स्टेशन हा प्रवास कधी कधी ठाणे-दादरपेक्षा लांब पडतो. दुपारी साडेबाराला लेक्चरं संपली, तालीम चारला. मधल्या साडेतीन तासांत घरी येऊन परत जाणं शक्य नाही. मग तालीम आठ-साडेआठला सुटणार, तेव्हा दादरला डाऊन गाडीत शिरणं म्हणजे युद्ध. स्पर्धा तोंडावर आली की साडेआठचे दहा होतात.

म्हणून एक काम सांगते ते करा. जूनमध्ये एका साध्या कामाच्या दिवशी, रविवारी नव्हे, घरातून त्या वेळेला निघून त्या कॉलेजात जा. दिवस तिथेच काढा. परत यायला रात्री नऊची गाडी धरा. मुलीचे आई-बाबा काळजी करत असतील तर त्यांनाही बरोबर न्या. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस असतो, गर्दीही असते, आणि भीती बऱ्याचदा गाडीपेक्षा स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्याची असते हे त्यांना तेव्हा कळतं. तो शेवटचा टप्पा, रिक्षा मिळते का, टीएमटी किंवा एनएमएमटीची शेवटची बस कितीला, हे आधी बघून ठेवा.

रविवारचा मेगाब्लॉक हिशेबात धरा. आठवड्यात लेक्चरं असल्यामुळे मोठ्या तालमी रविवारीच लागतात, आणि ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो. हार्बर बंद असली की नवी मुंबईकर ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन मेन लाइन धरतात. म्हणजे एका तालमीसाठी दोन-अडीच तास.

माझी मर्यादा दारापासून दारापर्यंत दीड तास. त्याहून लांबचं कॉलेज असेल तर ते तसं जबरदस्त असावं लागतं, किंवा जवळ राहायला मावशी-आत्या तरी असावी लागते.

तालमीच्या खोलीत जाऊन या

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कॉलेजची वेबसाइट, नॅकचा (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचा) ग्रेड, ऑडिटोरियमचा फोटो यांतून नाटकाबद्दल काहीच कळत नाही. देखणं वातानुकूलित सभागृह असलेल्या कॉलेजातली मुलं जिन्याखाली तालीम करताना दिसतात, कारण सभागृह सेमिनारसाठी राखीव. सहा वाजता शिपाईकाका किल्ल्यांचा जुडगा वाजवत येतात, "चला, बंद करायचंय," आणि पोरं अर्धा प्रवेश तसाच तोडून गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पुढची वाक्यं म्हणतात. हे चित्र बघून घाबरायचं कारण नाही. उलट ज्या ग्रुपने अशी परिस्थिती सांभाळून काम केलंय तो चिवट असतो. पण तालमीला जागा कुठे, किती वाजेपर्यंत आणि परवानगीचं पत्र कोण देतं, हा पहिला प्रश्न विचाराच.

विचारायचं कुणाला? सांस्कृतिक विभाग सांभाळणाऱ्या प्राध्यापकांना एकदा भेटा, पण खरी माहिती सेकंड इयरच्या मुलांकडून मिळते. थर्ड इयरची मुलं आता निरोप घ्यायच्या मूडमध्ये असतात, सगळं छानच सांगतात. सेकंड इयरवाला नुकताच एक वर्ष झाडू मारून बाहेर पडलेला असतो.

"दादा, फर्स्ट इयरला रोल मिळतो का?"

"ऑडिशन दे, बघू. पण पहिलं वर्ष बॅकस्टेज धरूनच चाल."

हे उत्तर ऐकून नाराज होऊ नका. बॅकस्टेज म्हणजे फक्त खुर्च्या उचलणं असेल तर वाईट, पण जिथे नव्या मुलाला लाइट्सच्या बोर्डावर बसवतात, म्युझिकचे क्यू देतात, प्रॉपर्टीची यादी सांभाळायला लावतात, तिथे पहिल्या वर्षात तो नाटक आतून बघतो. कुठल्या वाक्यावर कुठला दिवा मंद होतो हे महिनाभर रोज बघितलेल्या मुलाला पुढे स्टेजवर आपला उजेड शोधावा लागत नाही. तेव्हा पुढचा प्रश्न असा विचारा: बॅकस्टेजच्या मुलांना काय काय करायला दिलं? उत्तरात कामांची नावं आली तर ग्रुप चांगला.

मग विचारा दिग्दर्शन कोण करतं. मुंबईच्या एकांकिका स्पर्धांत चुरस मोठी. आयएनटी, विद्यापीठाचा युवा महोत्सव, लोकांकिका, चतुरंगची सवाई, पुण्याकडे पुरुषोत्तम आणि फिरोदिया. जिंकायचं म्हणून पुष्कळ कॉलेजं बाहेरून दिग्दर्शक आणतात, बहुधा माजी विद्यार्थी, ज्याचं टीव्ही-सिनेमात काम चालू असतं. त्याचे फायदे आहेत: शिस्त लागते, कामं मिळायची ओळख होते. तोटा असा की तीन वर्षांत विद्यार्थ्याच्या हातात एकही एकांकिका पडत नाही. तो नट म्हणून घडतो, पण निर्णय घ्यायला शिकत नाही. ज्या कॉलेजात मोठ्या स्पर्धेची एकांकिका बाहेरचा बसवतो पण वर्षात एक-दोन छोट्या एकांकिका, पथनाट्य, अभिवाचन मुलंच उभी करतात, ते मला सगळ्यात बरं वाटतं.

ढाली-करंडकांनी भरलेलं कपाट प्रत्येक कॉलेज दाखवतं. त्यावरची सालं वाचा. सगळे करंडक दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे असतील तर ती पुण्याई जुनी झाली. उलट गेल्या दोन-तीन वर्षांत एकही ढाल नसली तरी प्रत्येक वर्षी चार ठिकाणी प्राथमिक फेरी खेळलेला ग्रुप जिवंत समजावा.

स्पर्धेच्या एकांकिकेची एक मर्यादा आधीच समजून घ्या. पाऊण तासाच्या आत परीक्षकांना धक्का द्यायचा असतो. त्यामुळे वेग, समूहरचना, ब्लॅकआऊट, टाळीचं वाक्य यांत मुलं पटाईत होतात आणि शांतपणे बसून दोन माणसांनी दहा मिनिटं बोलायचा प्रवेश आला की गडबडतात. मोठं नाटक, संगीत नाटक, अनुवादित नाटक यांच्याकडे कॉलेजं वळत नाहीत. ग्रुप संहिता कुठून आणतो हे म्हणूनच विचारा. स्वतः लिहितात का? लिहिलेलं आधी मोठ्याने वाचून त्यावर चर्चा करतात का? दुसऱ्याची संहिता घेतली तर लेखकाचं परवानगीपत्र कोण आणतं, मानधन कोण देतं? ज्या ग्रुपात हे प्रश्न ऐकून मुलं एकमेकांकडे बघायला लागतात तिथे नाटकाबरोबरची सभ्यता शिकवायला कुणी नाही असं धरा.

मुलींनी आणखी एक बघावं. गेल्या दोन वर्षांच्या एकांकिकांत किती मुली होत्या आणि त्यांना आई-बहीण-प्रेयसी यापलीकडे काय मिळालं? दिग्दर्शन, प्रकाशयोजना मुलींकडे होती का? रात्रीच्या तालमीनंतर त्यांना स्टेशनपर्यंत सोडायची काही पद्धत आहे का? आणि तक्रार असेल तर कॉलेजची अंतर्गत समिती कुणाची, तिचा फलक कुठे लागलाय? सगळ्या कॉलेजांना अशी समिती ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे विचारायला संकोच नको.

पैशाचाही प्रश्न आहेच. नेपथ्याचा टेम्पो, ड्रेपरी, मेकअप, स्पर्धेची फी हे कॉलेज देतं की मुलं काढून घालतात? बऱ्याच ठिकाणी अर्धं-अर्धं. मुलांनी वर्गणी काढणं गैर नाही, पण महिन्याला किती पडते हे कळलेलं बरं.

भाषेचं सांगायचं राहिलं. दक्षिण मुंबईतल्या काही कॉलेजांत नाटक प्रामुख्याने इंग्रजी-हिंदीत चालतं, झेवियर्सचा मल्हार महोत्सव त्याच वातावरणातला. दादर-माटुंगा-पार्ल्यात मराठी एकांकिकेचा जोर. कोण श्रेष्ठ हा वाद फुकट आहे. तुम्ही स्वप्न कुठल्या भाषेत बघता ते बघा.

गावातच राहायचा पर्याय

ठाण्या-नवी मुंबईची मुलं हा पर्याय कमीपणाचा समजतात, आणि मला ते पटत नाही. ठाण्यात स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर जोशी-बेडेकर आहे, शिवाय ज्ञानसाधना आहे. वाशीला कर्मवीर भाऊराव पाटील, नेरूळला एसआयईएस, पनवेलला चांगू काना ठाकूर. विषय पाहिजे तो मिळत असेल तर वर्गातली गरज इथे भागते. आणि वाचलेले रोजचे तीन तास?

त्या तीन तासांत ठाण्याचा नाटकवेडा पुष्कळ काही करू शकतो. तलावपाळीला गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे, घोडबंदरला काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीत विष्णुदास भावे, पनवेलला वासुदेव बळवंत फडके, पलीकडे कल्याणला अत्रे रंगमंदिर. मुंबईचं कुठलंही मोठं व्यावसायिक नाटक गडकरीला आणि भावेला येतंच. महिन्यातून दोन नाटकं बाल्कनीतून बघणाऱ्याची नजर दोन वर्षांत तयार होते. दुपारी प्रयोगाआधी नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी सेटचा टेम्पो उतरताना बघा. ओळख झाली तर एखादा मुलगा पुढे बॅकस्टेजला लागतो. बऱ्याच नटांची सुरुवात तिथूनच झाली आहे. नौपाड्यातला अभिनय कट्टा, हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणारे ग्रुप, यांना मुलं हवीच असतात. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' आणि इतर संस्थांनी जे प्रायोगिक नाटक उभं केलं, तेही नोकऱ्या सांभाळून येणाऱ्या हौशी मंडळींनीच उभं केलं होतं, कॉलेजच्या वर्गात नव्हे.

या पर्यायाची अडचण एकच: कॉलेजच्या ग्रुपात वय, वेळ, मस्ती सगळं जुळतं, बाहेरच्या संस्थेत तुम्ही सगळ्यात लहान असता आणि वर्षभर चहा सांगता. ज्याला एकट्याने चिकटून राहायचा स्वभाव नाही त्याने दादर-माटुंग्याचा प्रवास पत्करावा. स्वभाव असेल तर ठाण्यात राहा आणि वाचलेल्या वेळात वाचा.

फी, कागद, याद्या

अनुदानित बीएची वर्षाची फी काही हजारांत बसते. त्याच कॉलेजातला विनाअनुदानित अभ्यासक्रम मात्र महाग असू शकतो, म्हणून 'कॉलेजची फी किती' असं न विचारता 'या अभ्यासक्रमाची किती, आणि तो अनुदानित आहे का' असं विचारा. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अर्ज करायचा असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर यांसाठी तहसील आणि सेतूच्या फेऱ्या निकालानंतर सुरू केल्या तर उशीर झालेला असतो. एप्रिलमध्येच काढून ठेवा. सीबीएसई-आयसीएसईच्या मुलांना मायग्रेशनचा कागदही लागतो.

प्रवेशाची पद्धत अशी की आधी मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी करायची, तिची प्रिंट ठेवायची, मग प्रत्येक कॉलेजचा स्वतंत्र अर्ज. नुसत्या विद्यापीठाच्या नोंदणीने कुठल्याच कॉलेजच्या यादीत नाव लागत नाही, दरवर्षी कुणीतरी याच गैरसमजात राहतो. यादी लागल्यावर फी भरायला मोजके दिवस मिळतात. नाटकाची प्रमाणपत्रं, राज्य पातळीवरच्या स्पर्धांची विशेषतः, बरोबर असू द्या. काही कॉलेजांत क्रीडा-सांस्कृतिक कोट्यातून जागा मिळते, आणि तो कोटा आहे का हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

तीन कॉलेजांचे अर्ज पुरेत: एक विषयासाठी, एक ग्रुपसाठी, एक घराजवळचं. ज्या कॉलेजात विषय आणि ग्रुप दोन्ही आहेत पण टक्के तोकडे पडतात, तिथे चौथा अर्ज टाका, दुसऱ्या-तिसऱ्या यादीत नशीब निघतं.

हजेरी आणि पावसाळा

प्रवेश झाला की खरी कसरत. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते, आणि एकांकिकांचा मोसम नेमका पहिल्या सत्रात येतो. युवा महोत्सवाच्या फेऱ्या ऑगस्टच्या सुमाराला, मग एकामागून एक स्पर्धा, आणि त्यांच्या मानगुटीवर ऑक्टोबर-नोव्हेंबरची परीक्षा. डिफॉल्टर यादी नोटीस बोर्डवर लागते तेव्हा नाटकवाल्यांची नावं शोधावी लागत नाहीत. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी भरून मिळते का, तालमीच्या दिवसांचं काय, हे सांस्कृतिक विभागाकडून लेखी घ्या. तोंडी 'हो हो, बघू' वर विसंबू नका, प्राध्यापक बदलतात. घरच्यांशीही इथेच बोलून घ्या. "केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर पुढची स्पर्धा नाही" असा साधा करार आई-बाबांशी केला की वर्षभराची कटकट वाचते. बहुतेक बाबांचा विरोध नाटकाला नसतो, निकालाच्या दिवशी कळणाऱ्या बातमीला असतो.

ऑडिशनची नोटीस जुलैत लागते, बऱ्याचदा कॅन्टीनबाहेर हाताने लिहिलेली, नाहीतर ग्रुपच्या इन्स्टाग्रामवर. टीव्हीवरचा गाजलेला संवाद किंवा मोठ्या नटाची हुबेहूब नक्कल तयार करून जाऊ नका. निवडणाऱ्या सीनियर्सनी ती त्या दिवशी वीसदा ऐकलेली असते. एखाद्या कथेतला दीड मिनिटाचा उतारा घ्या, जो तुमच्या वयाच्या, तुमच्या बोलीच्या माणसाचा आहे. त्याबरोबर गाणं, कविता, कळव्या-कोपरखैरण्याच्या फलाटावर ऐकलेला एखादा माणूस, जे येत असेल ते तयार ठेवा. आणि फॉर्मवर 'अभिनय'च्या पुढच्या चौकोनात खूण करताना 'बॅकस्टेज'च्या चौकोनातही करा.